उकळीत किती पाणी उडते? घरगुती बिअरच्या भांड्यातील बाष्पीभवनाचे मोजमाप

घरी बिअर तयार करणाऱ्याच्या हाती जी कृती असते, तिच्यात दोन आकडे महत्त्वाचे असतात : उकळणे संपल्यावर किती लिटर द्रव उरावा आणि त्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, किती असावे. उदाहरणार्थ, द्रव थंड झाल्यावर २१ लिटर आणि गुरुत्व १.०५०. उकळायला ठेवताना भांड्यात किती लिटर असावेत, हे मात्र कृती लिहिणारा खात्रीने सांगू शकत नाही. तासाभराच्या उकळीत किती पाणी वाफ होऊन जाईल हे करणाऱ्याचे भांडे, त्याची शेगडी आणि त्याने ठेवलेली आच यांवर ठरते. बिअर कोणत्या जातीची आहे याचा त्याच्याशी जवळजवळ संबंध नसतो. या घटीला या छंदातले लोक ‘बॉइल-ऑफ’ म्हणतात आणि ती तासाला इतके लिटर किंवा इतके गॅलन अशी सांगतात. अमेरिकेत नवख्याने सुरुवातीला तासाला एक गॅलन धरावे असा सल्ला सर्रास दिला जातो. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा असल्यामुळे हा सल्ला कोणत्या देशातून आला आहे, हेही आधी पाहावे लागते.

हा छंद मुख्यतः ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात रुजलेला आहे. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी परवान्याची अट १९६३ साली रद्द झाली. अमेरिकेत १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्या वापरासाठी, विक्री न करण्याच्या अटीवर, वर्षाला एका प्रौढाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त बनवण्याची मोकळीक मिळाली. तरीही अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत त्यासाठी २०१३ साल उजाडावे लागले. त्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना हे सारे आपल्या गॅरेजात करता येते. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. पुढे ज्या चाचणीचे वर्णन केले आहे ती साध्या पाण्याची असल्यामुळे ती कोणालाही कोठेही करून पाहता येते, आणि मोठ्या प्रमाणावर काहीही आटवणाऱ्याला तिचा उपयोग आहे.

प्रथम उकळायचे कशासाठी, हे थोडक्यात पाहू. माल्ट केलेले, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव भरडून गरम पाण्यात भिजवले की त्यातील पिष्टाची साखर होते आणि तो गोड अर्क गाळून घेतला जातो. त्याला ‘वर्ट’ म्हणतात. वर्ट उकळल्याने त्यातील जंतू मरतात, विकरांचे काम थांबते, प्रथिने गोठून तळाला बसतात आणि हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांमधील आम्लांचे रूपांतर होऊन बिअरला कडवटपणा येतो. याशिवाय माल्टमधील एका घटकापासून उष्णतेमुळे डायमिथाइल सल्फाइड नावाचे संयुग सतत तयार होत असते आणि त्याला उकडलेल्या मक्याचा वास असतो. मूळ घटक निम्म्यावर यायला उकळीच्या तापमानाला सुमारे ४० मिनिटे लागतात. तयार झालेले संयुग वाफेबरोबर निघून जावे म्हणून झाकण उघडे ठेवतात. फिकट पिल्सनर माल्टमध्ये तो मूळ घटक अधिक असल्याने तेथे ६० ऐवजी ९० मिनिटे उकळण्याची प्रथा पडली. या सगळ्या कामांसोबत पाणी उडते आणि वर्ट दाट होतो. पाणी किती उडाले हे ठाऊक नसेल तर बिअर ठरवल्यापेक्षा पातळ किंवा कडक होते, आणि हॉप्सचा हिशेबही बिघडतो.

दर कशावर ठरतो

पाणी एकदा उकळू लागले की अधिक आच दिल्याने त्याचे तापमान वाढत नाही. जास्तीची सर्व उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. शाळेत शिकवला जाणारा बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा तो हाच. १०० अंश सेल्सिअसला एक किलो पाण्याची वाफ करायला २,२५७ किलोज्यूल ऊर्जा लागते. एक किलोवॉटचा हीटर तासाभरात ३,६०० किलोज्यूल देतो. म्हणजे द्रवापर्यंत पोचलेला प्रत्येक किलोवॉट तासाला जास्तीत जास्त १.६ किलो पाणी उडवू शकतो, त्याहून थेंबभरही अधिक नाही. तासाला चार लिटर पाणी उडत असेल, तर भांड्याच्या बाजूंतून वाया जाणारी उष्णता वगळून द्रवात सुमारे २.५ किलोवॉट पोचत आहेत, हे भांडे न पाहताही सांगता येते.

हा ऊर्जेचा जमाखर्च एकदा मनात पक्का बसला की बॉइल-ऑफविषयीच्या पुष्कळ समजुती आपोआप तपासल्या जातात. पसरट भांड्यातून अधिक पाणी उडते, ही त्यांतील सर्वांत लोकप्रिय. पृष्ठभाग मोठा म्हणजे बाष्पीभवन अधिक, हा नियम उन्हात वाळत घातलेल्या कपड्यांना किंवा मिठागराला लागू पडतो, कारण तेथे उष्णता हवेतून आणि उन्हातून, म्हणजे पृष्ठभागातूनच मिळते. शेगडीवरच्या भांड्यात उष्णता तळातून येते आणि ती ठरावीक असते. द्रवात बुडवलेला विजेचा हीटर तेवढेच किलोवॉट देत असेल, तर भांडे ३० सेंटिमीटर व्यासाचे असो वा ४० सेंटिमीटरचे, उडणारे पाणी जवळजवळ तेवढेच राहते. फरक पडतो तो उकळीच्या रूपात : अरुंद भांड्यात खळखळ दिसते, तर पसरट भांड्यात तीच उष्णता मोठ्या पृष्ठभागावर विखुरली जाऊन द्रव उकळीच्या एखाद-दोन अंश खालीच राहू शकतो, बुडबुडे मोजकेच येतात आणि तरीही पाणी आटत असते. गॅसच्या शेगडीवर पसरट भांडे खरोखरच अधिक आटवते, कारण रुंद तळ ज्योतीची अधिक उष्णता पकडतो आणि अरुंद भांड्याच्या बाजूने ती वर निघून जाते. निरीक्षण बरोबर असते. कारण मात्र तळाशी असते आणि लोक ते वर शोधतात.

हवेतील दमटपणाचेही असेच आहे. खळखळ उकळणाऱ्या द्रवाच्या वाफेचा दाब भोवतालच्या हवेच्या दाबाएवढा झालेला असतो, त्यामुळे हवा कोरडी आहे की पावसाळी याने उकळीत फारसा फरक पडत नाही. वाऱ्याने पडतो, पण बहुतेकांच्या अपेक्षेच्या उलट दिशेने : वारा ज्योत बाजूला ढकलतो, भांड्याच्या भिंती थंड करतो आणि आटण्याचा दर कमी करतो. उघड्यावर प्रोपेनच्या शेगडीवर उकळणाऱ्यांचे आकडे दर खेपेला वेगळे का येतात, याचे उत्तर बहुतेक वेळा येथेच सापडते.

आता टक्क्यांविषयी. व्यावसायिक कारखान्यांत बाष्पीभवन टक्क्यांत सांगण्याची रीत आहे. एकेकाळी एका उकळीत दहा टक्के किंवा त्याहूनही अधिक पाणी उडवले जाई. इंधन वाचवण्यासाठी आधुनिक यंत्रणा चार ते सहा टक्क्यांपर्यंत खाली आल्या आहेत. कारखान्यातले भांडे नेहमी एकाच पातळीपर्यंत भरले जाते आणि त्याला मिळणारी वाफेची उष्णताही ठरलेली असते, त्यामुळे तेथे टक्केवारीने काही बिघडत नाही. घरी तीच रीत उचलली की घोटाळा होतो. बासुंदीसाठी दूध आटवणाऱ्याला हे ठाऊक असते : एका आचेवर एक लिटर दूध निम्मे व्हायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या साधारण दुप्पट वेळ दोन लिटरला लागतो. भांड्यातून दर तासाला ठरावीक लिटर जातात. आत किती आहे याची आचेला पर्वा नसते.

आकड्यांत पाहू. एखाद्याच्या भांड्यात २५ लिटर वर्ट, गुरुत्व १.०४२, तासाभर उकळून २१ लिटर राहिला. चार लिटर उडाले, म्हणजे १६ टक्के. पुढच्या वेळी त्याने निम्म्या प्रमाणात, १२.५ लिटर घेतले आणि १६ टक्के धरून दोन लिटर जातील असा अंदाज बांधला, पण आच तीच ठेवली. प्रत्यक्षात पुन्हा चार लिटर गेले आणि साडेदहाऐवजी साडेआठ लिटर उरले. साखर उडून जात नाही, त्यामुळे १२.५ ला ४२ ने (१.०४२ मधील शेवटचे अंक) गुणून ८.५ ने भागले की जवळपास ६२ येतात, १.०५० च्या जागी १.०६२. साधी रोजची बिअर करायला निघालेल्या माणसाच्या हाती कडक बिअर आली, आणि तीही दोन लिटर कमी. घरगुती बिअरच्या कित्येक संगणकीय गणकांत आजही टक्केवारीचा पर्याय दिलेला असतो. तो बंद करून तासाला लिटर हा पर्याय निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

न उडालेले पाणी

मोजमापातील सर्वांत मोठी चूक बहुधा पट्टी वाचण्यात नसते. ती तापमानात असते. पाणी तापले की प्रसरण पावते. २० अंशांना एक लिटर पाण्याचे वजन ०.९९८ किलो असते, ७० अंशांना ०.९७८ आणि १०० अंशांना ०.९५८. म्हणजे २० अंशांचे २५ लिटर ७० अंशांना सुमारे साडेपंचवीस लिटर आणि उकळीच्या तापमानाला २६ लिटर जागा व्यापतात. चार टक्क्यांची ही फुगवट आणि बॉइल-ऑफचा आकडा हे एकाच मापाच्या घरातले असल्यामुळे ते एकमेकांत बेमालूम मिसळतात.

समजा, माल्टमधून अर्क गाळून झाल्यावर, तो ७० अंशांच्या आसपास असताना, भांड्यावरील खूण पाहून कोणी ‘२५.५ लिटर’ असे वहीत लिहिले आणि शेवटी थंड झाल्यावर २१ लिटर मोजले. त्याला साडेचार लिटर पाणी उडाले असे वाटेल. त्यांतील अर्धा लिटर कोठेही गेलेला नाही. तो केवळ आकुंचन पावला आहे. याउलट सुरुवातीचे माप थंड असताना आणि शेवटचे माप आच बंद करताच उकळते असताना घेतले, तर २१ लिटर जवळपास २२ दिसतात आणि दर तासाला चारऐवजी तीन लिटर भासतो. एकाच भांड्याचा, एकाच दिवसाचा दर अशा रीतीने तीन, चार किंवा साडेचार लिटर येऊ शकतो आणि तिन्ही वेळा मोजणारा माणूस प्रामाणिक असतो. यावरचा नियम सोपा आहे : प्रत्येक घनफळाशेजारी तापमान लिहावे आणि वजाबाकी करण्यापूर्वी सर्व मापे २० अंशांवर आणावीत.

दुसरी गफलत उकळीनंतरची. आच बंद केल्यावरही गरम द्रवातून पाणी उडत राहते, कारण थंड होण्यासाठी उष्णता बाहेर टाकावी लागते आणि वाफ हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग असतो. द्रव १०० वरून ८० अंशांवर निव्वळ बाष्पीभवनाने उतरला असे धरले तर त्याच्या सुमारे ३.७ टक्के पाणी जाते; २१ लिटरमागे पाऊण लिटरहून अधिक. प्रत्यक्षात काही उष्णता भिंतींतून जाते म्हणून घट याहून कमी असते, पण उघडे भांडे तासभर आपोआप निवत ठेवले तर ती दुर्लक्ष करण्याजोगी नक्कीच नसते. जो शीतक नळी सोडून वीस मिनिटांत वर्ट थंड करतो आणि जो रात्रभर तसाच ठेवतो, त्या दोघांचे आकडे म्हणूनच जुळत नाहीत.

तिसरी गोष्ट हॉप्स आणि गाळाची. हॉप्स द्रव शोषतात, तळाशी बसलेल्या प्रथिनांच्या गाळात द्रव अडकतो आणि तो किण्वनाच्या, म्हणजे आंबवण्याच्या, पात्रात जात नाही. ही हानी खरी आहे, पण ती बाष्पीभवन नव्हे. ती वेळेवर अवलंबून नसते, त्यामुळे ती बॉइल-ऑफमध्ये मिसळली की ६० मिनिटांसाठी जुळवलेला आकडा ९० मिनिटांना चुकतो. घनफळ भांड्यातच मोजावे. किण्वनपात्रात किती उतरले यावरून मागे हिशेब करू नये.

मोजायचे कसे

वजन ही सर्वांत भरवशाची रीत आहे, कारण तापमानाने वजन बदलत नाही. वरच्या उदाहरणात २५ लिटर वर्ट गुणिले १.०४२ म्हणजे २६.०५ किलो, २१ लिटर गुणिले १.०५० म्हणजे २२.०५ किलो. फरक बरोबर चार किलो, म्हणजे चार लिटर पाणी. (काटेकोरपणे पाहता पाण्याची घनता २० अंशांना १ पेक्षा किंचित कमी आहे, पण ती सूक्ष्मता येथे बाजूला ठेवू.) भरलेले उकळते भांडे उचलून काट्यावर ठेवण्याचा विचारही कोणी करू नये, वीस-पंचवीस किलो उकळता साखरेचा द्रव अंगावर सांडला तर होणारी इजा भयंकर असते. बादलीने पाणी वजन करून भांड्यात ओतावे आणि चाचणीनंतर ते कोमट झाल्यावर बादलीनेच परत काढून वजन करावे. शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटा या कामाला पुरतो.

काटा नसेल तर मोजपट्टी. भांडे सरळ भिंतीचे असेल तर तळाच्या क्षेत्रफळाला उंचीने गुणले की घनफळ मिळते. ४० सेंटिमीटर व्यासाच्या भांड्याचे क्षेत्रफळ सुमारे १,२५७ चौरस सेंटिमीटर असते, म्हणजे पातळीतला प्रत्येक सेंटिमीटर सव्वा लिटरचा. येथे दोन मिलिमीटर चुकले की पाव लिटर चुकला. सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा, विरुद्ध दिशांना असे चुकले तर चार लिटरच्या उत्तरात अर्ध्या लिटरची, म्हणजे बारा टक्क्यांहून अधिक गडबड होते. दोन मोठ्या मापांची वजाबाकी करून लहान उत्तर काढण्यात हा धोका नेहमीच असतो. ३० सेंटिमीटरच्या भांड्यात सेंटिमीटरला ०.७ लिटर पडतात, त्यामुळे तेथे पट्टी अधिक इमानी ठरते. तळ गोलसर असेल तर गणिताच्या भानगडीत न पडता एकेक लिटर पाणी ओतून लाकडी पट्टीवर खुणा करून घ्याव्यात. पातळी वाचताना उकळी पूर्ण शांत झालेली हवी. भांड्याच्या बाहेर लावलेली काचनळी सोयीची दिसते, पण तिच्यातील द्रव आतल्यापेक्षा थंड व म्हणून अधिक घन असतो, आणि उकळी चालू असताना तिच्यातली पातळी सतत नाचत राहते. त्या काळातले तिचे वाचन मी ग्राह्य धरणार नाही.

गुरुत्वावरूनही मागे जाता येते. साखर भांड्यातच राहते, म्हणून घनफळ आणि गुरुत्वाचे अंक (१.०४२ मधील ४२) यांचा गुणाकार उकळीच्या आधी आणि नंतर सारखाच असतो : २५ गुणिले ४२ म्हणजे १,०५०, आणि २१ गुणिले ५० म्हणजेही १,०५०. सुरुवातीचे घनफळ आणि दोन्ही गुरुत्वे ठाऊक असली की शेवटचे घनफळ निघते. पडताळणीसाठी ही रीत सुंदर आहे, मुख्य माप म्हणून मात्र कच्ची आहे. हायड्रोमीटरवर, म्हणजे गुरुत्व मोजणाऱ्या तरंगत्या नळीवर, ४२ च्या जागी ४१ किंवा ४३ वाचले गेले, तर याच उदाहरणात उडालेले पाणी साडेचार किंवा साडेतीन लिटर येते. हायड्रोमीटर बहुधा २० अंशांसाठी खुणावलेला असतो. ६० अंशांच्या नमुन्यात तो सुमारे १५ अंक कमी दाखवतो, त्यामुळे नमुना थंड केल्याशिवाय वाचू नये. उकळताना मध्येच साखर घातली असेल, तर ही तुलना मोडते हे वेगळे सांगायला नको.

प्रत्यक्ष चाचणी अशी करावी. ज्या भांड्यात वर्ट उकळायचा त्याच भांड्यात नेहमीइतके, म्हणजे समजा २५ किलो, थंड पाणी वजन करून घ्यावे. झाकण ठेवून उकळी आणावी, म्हणजे तापतानाची वाफ झाकणावर जमून परत आत पडते आणि त्या काळातली घट नगण्य राहते. उकळी खळखळू लागली की झाकण काढावे, घड्याळ सुरू करावे आणि मग आचेला हात लावू नये. साठ मिनिटांनी आच बंद करून लगेच झाकण ठेवावे, पाणी कोमट होऊ द्यावे, झाकणावरचे थेंब आत झटकावेत आणि पुन्हा वजन करावे. दोन वजनांतला फरक म्हणजे तासाचा दर. मोजमापाची साधने ढोबळ असतील तर चाचणी दीड किंवा दोन तास चालवावी. उडालेले पाणी वाढते, चूक तेवढीच राहते आणि उत्तर अधिक विश्वासार्ह होते.

पाण्याचा हा आकडा वर्टला लागू पडतो का, अशी शंका रास्त आहे. साखरेमुळे वर्टचा उत्कलनबिंदू वाढतो खरा, पण बारा टक्क्यांच्या द्रावणात तो जेमतेम ०.२ अंशाने वाढतो, आणि वाफ होते ती पाण्याचीच. अडचण वेगळीच आहे. वर्टला फेस येतो, तो उतू जाण्याच्या बेतात असतो आणि करणारा घाईने आच कमी करतो. पाण्याच्या चाचणीत मात्र आच पूर्ण उघडलेली असते. दोन दर जुळत नाहीत याचे कारण साखर नव्हे, हाताने फिरवलेली चावी आहे. म्हणून चाचणी त्या आचेवर करावी, जी वर्टला खरोखर दिली जाणार आहे. विजेच्या हीटरला टक्केवारीचा नियंत्रक असेल तर तो आकडा वहीत लिहावा. गॅस असेल तर चावीच्या स्थितीवर खूण करावी. उकळीपूर्वी आणि नंतर सिलिंडरचे वजन केले तर आच खरोखर सारखी राहिली की नाही, हेही कळते.

विजेच्या हीटरवाल्यांना आणखी एक लाभ आहे, आणि मला तो या साऱ्या विषयातील सर्वांत मनोरंजक भाग वाटतो. एकाच भांड्याची चाचणी दोन वेगळ्या शक्तींवर करावी. समजा ३ किलोवॉटला तासाला चार लिटर आणि २ किलोवॉटला २.४ लिटर उडाले. एका किलोवॉटच्या फरकाला १.६ लिटरचा फरक पडला, म्हणजे वर सांगितलेल्या भौतिक मर्यादेइतकाच. मोजमाप बरोबर असल्याची ही खूण आहे. आता हीच रेषा खाली नेली तर सुमारे अर्ध्या किलोवॉटला बाष्पीभवन शून्यावर येते. तो अर्धा किलोवॉट भांड्याच्या भिंती गिळतात. भांड्याभोवती उष्णतारोधक गुंडाळले की हा आकडा कमी होतो आणि त्याच हीटरवर अधिक पाणी उडू लागते; त्यामुळे गुंडाळणी घातल्यावर जुना दर वापरता येत नाही. प्रत्येक किलोवॉटमागे १.६ लिटरहून ठळकपणे अधिक उत्तर येत असेल, तर भांड्यात चमत्कार झालेला नसून कुठेतरी गरम आणि थंड मापांची सरमिसळ झालेली आहे, किंवा हीटरवर छापलेली शक्ती खरी नाही.

उंचीचा प्रश्नही येथेच सोडवून टाकू. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हर शहरात पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळते. सुमारे ५६० मीटरवरच्या पुण्यात ९८ अंशांना. उकळी लवकर येते म्हणून पाणीही अधिक उडत असेल, असे वाटते. परंतु ९५ अंशांना अप्रकट उष्मा फक्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास वाढलेला असतो, त्यामुळे तेवढ्याच किलोवॉटला उडणारे पाणी जवळपास तेवढेच राहते. बदलते ते दुसरेच : तापमान कमी असल्याने हॉप्सचा कडवटपणा हळू उतरतो आणि मक्याचा वास देणाऱ्या घटकाचे विघटनही मंदावते. डेन्व्हरमधली खळखळ पाहून मुंबईतल्या उकळीइतकेच काम होत आहे असे समजणे चुकीचे ठरेल.

दर हाती आल्यावर हिशेब उलटा चालवायचा. किण्वनपात्रात १९ लिटर हवेत, हा अमेरिकेतील पाच गॅलनचा रूढ घाणा. गाळात दोन लिटर जातील, म्हणून उकळीनंतर २१ लिटर. दर तासाला चार, म्हणून ६० मिनिटांच्या उकळीला २५ लिटर आणि ९० मिनिटांच्या उकळीला २७ लिटर, दोन्ही २० अंशांच्या मापाने. ७० अंशांना पट्टी लावणार असाल तर २५ च्या जागी २५.५ ची खूण पाहावी. १.०५० चे लक्ष्य असेल तर ६० मिनिटांसाठी उकळीपूर्वीचे गुरुत्व १.०४२ हवे, ९० साठी १,०५० भागिले २७, म्हणजे जवळपास १.०३९. अरुंद स्वयंपाकघरात उकळणाऱ्याने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी : तासाला चार लिटर पाणी म्हणजे साडेसहा घनमीटरांहून अधिक वाफ, आणि थंड देशात हिवाळ्यात खिडक्या बंद असतील तर ती छताला आणि भिंतींना चिकटते. आच उतरवून दर कमी करणे शक्य असते, पण वास जाण्यापुरती उकळी जिवंत राहायला हवी. झाकण अर्धे ठेवले तर दर घटतो आणि तो नव्याने मोजावा लागतो.

एवढे करूनही प्रत्यक्ष दिवशी थोडा फरक पडणारच. त्यासाठी उकळी संपायला पंधरा मिनिटे उरली असताना आच क्षणभर बंद करून पातळी पाहावी. त्या वेळी तीन लिटर गेलेले असायला हवेत. थंड मापाने २२ लिटर, आणि उकळत्या तापमानाला पट्टीवर जवळपास २३. पातळी त्याहून खाली असेल तर आधीच उकळून ठेवलेले गरम पाणी तुटीइतके घालावे. वर असेल तर उकळी लांबवावी, मात्र शेवटच्या मिनिटांत घालायचे हॉप्स तोवर हातात राखून ठेवावेत, कारण ते आधीच पडले असतील तर वाढलेली प्रत्येक मिनिटे त्यांचा सुगंध उडवून कडवटपणा वाढवतात.